आमची पट्टी आधी द्या: पुण्यातल्या बॅरिएट्रिक सर्जन मंडळींना आणि हॉस्पिटलवाल्यांना खुलं पत्र

डॉक्टरसाहेब, डॉक्टरमॅडम, नमस्कार.

मी मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यावर दिवाणजी आहे, म्हणजे हिशोब लिहिणारा माणूस, वह्या गेल्या आणि कॉम्प्युटर आला तरी नाव तेच राहिलंय. डिसेंबर २०२१ मध्ये पुण्यातल्याच एका हॉस्पिटलात माझी वजन कमी करायची, म्हणजे तुमच्या भाषेत बॅरिएट्रिक, सर्जरी झाली. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही कारण भांडण त्या एकट्याशी नाहीये, नंतर मी आणखी तीनचार ठिकाणी बाकड्यावर बसून आलोय, बाकीच्या पेशंटशी बोललोय, थोड्याफार फरकाने गोष्ट तीच. आणि सुरुवातीलाच सांगतो, सर्जरी करून पस्तावलेल्या माणसाचं हे पत्र नाही. १२८ किलोचा मी ८८ वर आलो होतो, आता ९६ आहे, इन्सुलिन बंद झालं ते बंदच आहे, सिंहगड पायथ्यापासून दोनदा चढलोय. ऑपरेशन करणाऱ्याचा हात चांगला होता, टाके कुठे आहेत ते आता शोधावे लागतात. माझं म्हणणं वेगळं आहे: पोटाचं काय करणार आणि त्याचा पुढे त्रास काय, हा हिशोब आधी कोणी दिला नाही.

१२८ हा आकडा कसा कळला ते ऐका, म्हणजे पुढचं समजेल. घरचा वजनकाटा १२० पर्यंतचा, त्याच्यावर उभं राहिलं की नुसतं एरर यायचं, मग मी सगळ्यांना सांगायचो १२० च्या आसपास आहे. एकदा दुपारी गाळ्यावर कोणी नाही बघून गोण्या मोजायच्या काट्यावर चढलो. नेमका हमालमामा आत आला, आकडा बघितला आणि म्हणाला, "दिवाणजी, अडीच गोण्या भरल्या की!" सगळे हसले, मीही हसलो, आणि मग मागे बारदानाच्या ढिगावर जाऊन एकटाच बसलो. त्या आठवड्यात हॉस्पिटलला फोन केला.

आमच्याकडे शेतकऱ्याचा माल विकला की त्याला पट्टी देतात. गोण्या किती, वजन किती, भाव काय, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं किती गेलं आणि खाली हातात काय येणार. जुन्नरकडचा एखादा म्हातारा, शाळेचं तोंड न बघितलेला, तोसुद्धा ती पट्टी हातात धरून मुलाकडून दोनदा वाचून घेतो आणि दहा रुपये चुकले तर गाळ्यावर उभा राहून बोंब मारतो. मी वीस वर्षं पट्ट्या लिहितोय. पण माझ्या स्वतःच्या पोटाचा सौदा झाला तेव्हा मी पट्टी मागितली नाही, आणि तुम्हीही दिली नाही.

तुमच्या केबिनमध्ये आम्हाला दहा मिनिटं मिळाली, तीही बाहेर दोन तास अशा खुर्चीवर काढल्यावर जिला दोन्ही बाजूंनी हात होते. (जाड माणसांचा दवाखाना आणि खुर्च्या हातवाल्या, हे कोणाच्या डोक्यातून आलं हो? मी अर्धा वेळ उभाच होतो, बसलो असतो तर उठताना खुर्ची सोबत आली असती.) आत डॉक्टरांनी फाईल चाळली, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) ४५, शुगर, बीपी, घोरणं, आणि म्हणाले, "स्लीव्ह करू, तुमच्यासाठी बेस्ट आहे." आम्ही हो म्हणालो. पुढे शेजारच्या खोलीत एक कोऑर्डिनेटर मॅडम, त्यांच्याकडे लॅमिनेट केलेला कागद, त्यावर पॅकेज साडेतीन लाख, रूम शेअरिंग घेतली तर कमी, हप्ते करून मिळतील. बायकोने विचारलं की पण पोटाचं नेमकं करणार काय? मॅडम म्हणाल्या, "काकू, अजिबात घाबरू नका, दुर्बिणीतून असतं, तीन दिवसांत घरी." आता सांगा, हे उत्तर आहे का. तिने काय करणार विचारलं, यांनी कधी सोडणार ते सांगितलं.

जे तेव्हा कळायला हवं होतं ते मला नंतर कळलं, काही भाचीकडून जी फार्मसी शिकते, आणि बरंचसं भोगून. स्लीव्हमध्ये जठराचा पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग उभा कापून बाहेर काढतात, उरते ती केळ्याएवढी नळी, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. त्या कापलेल्या भागातच भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन जास्त करून तयार होतं, म्हणून पहिलं वर्षभर भूक अशी लागतच नाही. पहिल्या गणपतीत ताटात मोदक होता आणि मी त्याच्याकडे फोटो बघावा तसा बघत होतो, इच्छाच नाही, आई रडायला लागली. दुसरी बायपास, हृदयाची नाही, पोटाची, तिच्यात जठराच्या वरच्या बाजूला ३० मिलीच्या आसपासची छोटी पिशवी करतात, खोकल्याच्या औषधाची दोनतीन झाकणं मावतील एवढी, आणि आतडं कापून एक टोक वर आणून तिला जोडतात, दुसरं खाली आतड्यालाच, म्हणजे दोन ठिकाणी जोड येतात, बाकीचं जठर आतच राहतं पण अन्न तिथून जात नाही. शुगरवाल्याला हे चांगलं, जळजळवाल्याला तर स्लीव्हपेक्षा पुष्कळच चांगलं, पण लोह, बी१२, कॅल्शियम, डी या गोळ्या जन्मभर, अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून मनाने आणून खायच्या नाहीत कारण जोडावर अल्सर होतो, सिगरेटचं तसंच, आणि गोड जास्त झालं तर घाम फुटतो, छाती धडधडते, त्याला डम्पिंग म्हणतात. तिसरं ते मिनी बायपास, त्यात लांब नळी करून एकच जोड, वेळ कमी लागतो, आपल्याकडे बरंच चालतं, पण पित्त उलटं वर येऊ शकतं. याच्याही पुढचं ड्युओडेनल स्विच, म्हणजे स्लीव्ह आणि वर आतड्याचा बराच भाग वगळणं, वजन सगळ्यात जास्त उतरतं आणि कुपोषणाची भीतीही सगळ्यात जास्त. जठराभोवती पट्टा बांधायचे पूर्वी, ते आता जवळपास बंद झालंय. बलून म्हणजे सर्जरी नाही, काही महिने पोटात ठेवून काढतात, काढल्यावर वजन टिकवणं पेशंटवर.

बघा, एवढं सांगायला मला एक परिच्छेद लागला. मी बीकॉम आहे, डॉक्टर नाही. तुम्ही कागदावर चित्र काढून सांगितलं असतं तर पंधरा मिनिटं लागली असती.

आता माझ्या फाईलमधली गोष्ट. पहिल्या दिवशी भरून घेतलेल्या फॉर्मवर मी अ‍ॅसिडिटीपुढे हो अशी खूण केली होती, गाळ्यावर ड्रॉवरमध्ये अ‍ॅसिडिटीची पुडी कायम असायची. सर्जरीआधी तोंडातून दुर्बीण घालून जठर तपासलं, त्या रिपोर्टमध्ये एक ओळ होती, स्मॉल हायटस हर्निया. ती ओळ मी वाचली २०२४ मध्ये. तोपर्यंत फाईल कपाटात लग्नाच्या अल्बमखाली पडली होती. या ओळीचा अर्थ असा की जठराचा वरचा भाग छातीच्या बाजूला थोडा सरकलाय आणि आंबट वर यायला वाट मोकळी आहे, आणि अशा माणसाला स्लीव्ह केली तर जळजळ वाढायची शक्यता असते, म्हणून त्याच्याशी बायपासबद्दल निदान बोलावं, किंवा स्लीव्हच करायची तर हर्निया त्याच वेळी दुरुस्त करावा. माझ्याशी कोणी बोललं नाही. ऑपरेशन नोटमध्ये हर्नियाचा उल्लेखही नाही.

दुसऱ्या वर्षापासून रात्री आंबट नाकापर्यंत यायला लागलं. एकदा झोपेत ठसका लागला, श्वासच अडकला, बायकोने पाठीत धपाटे घातले, तेव्हापासून पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली एकेक वीट आहे. आम्ही दोघं उतारावर झोपतो, सकाळी बायको पायथ्याला सापडते. पॅन्टोप्राझोल, म्हणजे अ‍ॅसिडिटीची गोळी, सकाळ-संध्याकाळ. परत दुर्बीण झाली तेव्हा अन्ननलिका सोललेली दिसली, आणि आता सांगतायत की स्लीव्हची बायपास करून घ्या. म्हणजे परत भूल, परत पैसे, आणि पहिल्यापेक्षा अवघड ऑपरेशन, कारण आतली जागा एकदा कापलेली आहे.

भाचीने फिनलंडचा एक अभ्यास वाचून दाखवला, २४० पेशंट, निम्म्यांना स्लीव्ह आणि निम्म्यांना बायपास, १० वर्षांनी तपासले, २०२२ साली छापून आला. स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांच्या अन्ननलिकेला सूज होती, बायपासवाल्यांमध्ये ७ टक्क्यांना. ही आहे बघा हमाली-तोलाई. मला हा आकडा २०२१ मध्ये मिळणं शक्य नव्हतं, मान्य आहे, पण स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते ही गोष्ट काय त्यांनी नवी शोधून काढली का? ती तुम्हाला आधीच माहीत होती. आणि हे सगळं ऐकूनसुद्धा मी कदाचित स्लीव्हच घेतली असती, आतडं कापून जोडणार म्हटल्यावर माझी टरकली असती. पण मग आज रात्री ठसका लागला की मी स्वतःला शिव्या दिल्या असत्या, तुम्हाला नाही.

ऑपरेशननंतरचं तर विचारूच नका. पहिले पंधरा दिवस नुसतं पातळ, पाणी घोटघोट प्यायचं, मी मोबाईलला दर पाच मिनिटांचा अलार्म लावून औषधाच्या कपाने प्यायचो, गाळ्यावरचे म्हणायचे दिवाणजींची होमिओपॅथी चालू झाली. ते ठीक होतं, ते सांगितलेलं. पण डाएटचा जो छापील कागद दिला त्यात ब्रोकोली, टोफू, किन्वा, ग्रीक योगर्ट. आमच्या बिबवेवाडीतल्या घरात कोणाला किन्वा म्हणजे काय माहीत नाही. रोज ६० ग्रॅमच्या वर प्रोटीन हवं, घर माळकरी, अंडंही चालत नाही, तर ते पिठलं, मटकी, मुगाचं कढण, पनीर, दही यातून कसं बसवायचं हे कोणी सांगेना. शेवटी बायकोनेच गणित बसवलं, सोयाबीन भाजून दळून थालीपिठाच्या भाजणीत घालायची. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळायला लागले तेव्हा वाटलं आता काहीतरी मोठंच निघणार, फोन केला तर हे कॉमन आहे काका, येतील परत. आले परत. पण आधी सांगितलं असतं तर आई नवस बोलली नसती, आता तुळजापूर करायचं राहिलंय.

पहिल्या वर्षी महिन्याला फोन यायचा, वजन किती, फोटो पाठवा. फोटो कशाला हवा होता ते नंतर कळलं. वर्ष संपलं आणि फोनही संपले, बी१२ तपासा, लोह तपासा, कोणी म्हणालं नाही, तिसऱ्या वर्षी हातापायाला मुंग्या यायला लागल्यावर आमच्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं तर बी१२ तळाला. दर वर्षी रक्त तपासायचं असतं हे तुमच्याच पुस्तकात आहे म्हणतात. शेतकऱ्याला आम्ही माल संपल्यावर विसरत नाही हो, पुढच्या हंगामात परत तोच येणार असतो. तुमचा पेशंट परत येत नाही असं तुम्हाला वाटतं, पण येतो, वीट घेऊन येतो.

वेटिंगमध्ये एक मुलगी भेटली, आयटीतली, सर्जरी होऊन तीन महिने, पुढच्या महिन्यात लग्न. सर्जरीनंतर साधारण वर्ष ते दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात हे तिला ठाऊकच नव्हतं, पॅकेजच्या कागदावर नव्हतं ना. तिच्या आईने विचारलं ते कोणाला? मला. बाई बाईला विचारायला लाजते म्हणून पन्नाशीच्या दिवाणजीला विचारते, एवढी वेळ तुम्ही आणता लोकांवर.

इन्शुरन्सबद्दल थोडक्यात. माझा क्लेम पास झाला, बीएमआय ४५ होता. धाकट्या बहिणीचा ३४, शुगर आहे, गुडघे गेलेत, तिचा नाही होणार, कारण २०१९ पासून पॉलिसीत जी ठरलेली भाषा असते तिच्यात ४० पाहिजे, किंवा ३५ आणि सोबत हृदयाचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास नाहीतर आटोक्यात नसलेली शुगर यातलं काहीतरी. आता आटोक्यात नसलेली म्हणजे काय, जो नेमाने गोळ्या खातो त्याने खाणं बंद करावं? आणि २०२२ च्या तुमच्याच आंतरराष्ट्रीय संघटनांच्या मार्गदर्शनात आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करावा असं आहे. आपली माणसं कमी वजनालाच आतून जाड असतात हे तर आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी जगाला दाखवलं. २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात त्यांचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरमित्राचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो आला होता, दोघांचा बीएमआय २२.३, पण गोऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. ज्या गावात हे निघालं त्या गावातले सर्जन मिळून विमावाल्यांना एक खरमरीत पत्र लिहू शकत नाहीत का? मी लिहून काय होणार, मला कोण विचारतो.

आणि ती वजन उतरवायची इंजेक्शनं. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आलं, जूनमध्ये वेगोव्ही, तेव्हापासून जो तो मला म्हणतो, दिवाणजी तुम्ही घाई केली, थांबला असता तर सुईवर भागलं असतं. खरं काय ते तुम्ही बोला ना. ट्रायलमध्ये वेगोव्हीने वजनाच्या १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं, मौंजारोच्या मोठ्या डोसने २० च्या आसपास, सर्जरीने साधारण २५ ते ३०, आणि इंजेक्शन बंद केलं की उतरलेल्यातलं बरंचसं परत चढतं. म्हणजे कोणाला सुई पुरेल, कोणाला नाही, कोणाला सर्जरीनंतर वजन परत वाढलं तर सुई जोडीला लागेल. हे तीन वेगवेगळे पेशंट आहेत. पण सुईवाल्याकडे गेलं तर तो सुईच सांगतो, बलूनवाला बलून, आणि तुम्ही स्लीव्ह. आमच्या बाजारात एकाच गाळ्यावर फक्त बटाटा मिळतो हे गिऱ्हाइकाला पाटीवरून कळतं तरी.

हे होऊ शकत नाही असं मात्र म्हणू नका, कारण मी होताना बघितलंय. या वर्षी दुसऱ्या मतासाठी एका डॉक्टरमॅडमकडे गेलो. त्यांनी माझी जुनी फाईल पहिल्या पानापासून वाचली, हायटस हर्नियाच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली, काही बोलल्या नाहीत. मग केस पेपर उलटा करून त्यावर माझ्या पोटाचं चित्र काढलं, आधीचं, आत्ताचं, आणि बायपासनंतरचं. कुठे जोड येणार, कुठे अल्सरची भीती, जळजळ जाईल बहुतेक पण वजन फार उतरेल अशी आशा धरू नका, गोळ्या कुठल्या आणि कधीपर्यंत, नाही केलं तर काय, विटा अजून किती वर्षं चालतील. पन्नास मिनिटं. बायकोने जो प्रश्न २०२१ मध्ये विचारला होता त्याचं उत्तर तिला त्या दिवशी मिळालं, मराठीत. बाहेर आल्यावर ती म्हणाली, आता नाही म्हणायला पण हरकत नाही. मी अजून ठरवलेलं नाही. तो केस पेपर मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय, माझी पट्टी म्हणून.

त्याच दिवशी खाली मेडिकलमध्ये औषधं घेताना इंदापूरकडची एक बाई भेटली. वरच्याच एका हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं स्लीव्हचं ऑपरेशन होतं, हातात आयव्हीची सुई लावलेली, नवरा इंजेक्शनं आणायला आला आणि तीही सोबत उतरली होती, खोलीत जीव घाबरतो म्हणून. गप्पा निघाल्या. मला म्हणाली, "दादा, स्लीव्ह म्हणजे करतात काय हो नेमकं?" उद्या सकाळी सात वाजता आत घेणार होते. मी बिलाच्या मागे चित्र काढलं, मॅडमनी काढलं होतं तसं, जरा वाकडंच आलं. हा भाग राहतो, हा कापून काढतात. तिने बराच वेळ बघितलं. मग विचारलं, जळजळ होते मला कधी कधी, त्याचं काही असतं का यात? मी म्हणालो, ताई, वर जा, आणि रात्रीच्या ड्युटीला जो डॉक्टर असेल त्याला हे आत्ताच सांगा, दुर्बिणीचा रिपोर्ट काढायला लावा, वाचून दाखवा म्हणावं. तिने तो बिलाचा कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, चला आधी वर.

आपला,
मार्केट यार्डातला एक दिवाणजी